बॅच जाते, पण प्रोजेक्ट का जावा?

व्हायव्हा संपली की आपल्याकडे दोन गोष्टी होतात. रिपोर्टला बाइंडिंग चढतं आणि मॉडेल कपाटात जातं. पुढची बॅच पुन्हा शून्यापासून सुरू! ही पद्धत बदलायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी उदाहरण देतो पार्टिकल अ‍ॅक्सिलरेटरचं.

अ‍ॅक्सिलरेटरमध्ये नुसती ऊर्जा वाढवून भागत नाही. प्रोटॉनचा झोत पुढे धावतो खरा, पण त्यातले कण आडवेतिडवे वळवळत असतात. हीच त्या झोताची 'उष्णता'. झोत पसरला की टकरी कमी. यावर १९६६ साली रशियन शास्त्रज्ञ गेर्श बुडकर यांनी उपाय सुचवला : रिंगच्या एका सरळ भागात, प्रोटॉनच्याच वेगाने, इलेक्ट्रॉनचा शिस्तीतला झोत सोबत सोडा. इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड असलेला प्रोटॉन आपली वळवळ हळूहळू त्यांना देऊन टाकतो. इलेक्ट्रॉन उष्णता घेऊन बाहेर पडतात, पुढच्या फेरीला नवे येतात. प्रोटॉन मात्र फिरतच राहतात आणि निवत जातात.

१९७४ मध्ये नोवोसिबिर्स्कला हे जमलं. पण ऊर्जा वाढली की निवायला लागणारा वेळही झपाट्याने वाढतो. फर्मिलॅबमध्ये ८ जीईव्हीचे अँटिप्रोटॉन ४.३ एमईव्हीच्या इलेक्ट्रॉननी थंड व्हायला २००५ उजाडलं. २०१९ मध्ये ब्रुकहेवनने सलग झोताऐवजी इलेक्ट्रॉनचे गुच्छ वापरून सोन्याचे आयन थंड केले. बुडकर तर १९७७ मध्येच गेले होते. काम थांबलं नाही, कारण एकाने सोडलेलं टोक दुसऱ्याने उचललं.

आपणही इलेक्ट्रॉनसारखेच, एकदा येऊन जाणारे. मग फिरत राहणारा प्रोजेक्ट नको का? आपल्या प्रत्येक रिपोर्टात 'फ्युचर स्कोप'चं पान असतं. ते वाचतं कोण?

आता कुणी म्हणेल, अशाने पोरं जुनंच छापून देतील. अहो, ते आजही होतंच की! उलट मागच्या बॅचचं काम उघड टेबलावर असलं, तर नवं काय केलं ते लगेच दिसेल. मार्क त्या भरीलाच द्या.

सरांना आणि मॅडमना विनंती एवढीच : दरवर्षी निदान दोन-तीन प्रोजेक्ट पुढच्या बॅचकडे सोपवा. काय चाललं, काय जळालं, कोणता पार्ट कुठे मिळाला, हे रिपोर्टात लिहायला लावा. आणि ज्युनिअर्सनो, टॉपिक शोधायला नेटवर जाण्याआधी डिपार्टमेंटचं कपाट उघडा.