आधी उतारा, मग इसार

2027 च्या सिंहस्थाच्या नावाने आमच्या नाशकात प्लॉटांचा बाजार भरला आहे. नवख्या गृहस्थाला जो तो सांगतो, “जमीन कधी बुडत नाही!” खरे आहे, बुडतो तो घेणारा. सोने कसाला लावून घेणारी माणसे सातबारा न वाचताच इसार देऊन मोकळी होतात! इतर हक्कांत बोजा कोणाचा, फेरफारांत वारस किती, हे कोणी पाहायचे? 1948 च्या कूळकायद्याने बिगरशेतकऱ्याला परवानगीवाचून सहसा शेतजमीन घेता येत नाही. 2016 च्या रेरा कायद्याने मोठ्या प्रकल्पाची नोंदणीवाचून जाहिरातही करता येत नाही. दलाल हे आपणहून सांगणार नाही. आपणच विचारले पाहिजे. पाडव्याचा मुहूर्त साधायचाच, तर इसाराचा नव्हे, उतारा वाचण्याचा साधा.