डिझेल जनरेटरला गॅसची जोड: नागापूरच्या कारखान्यांचा धूर किती कमी होईल?

अहिल्यानगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत वीज गेली की डिझेल जनरेटर सुरू होतात. त्यांचा धूर आधी जातो तो शेडमधल्या कामगारांच्या छातीत. जनरेटर न बदलता हा धूर कमी करता येईल का? 'दुहेरी इंधन' हा त्यावरचा एक मार्ग आहे.

हे चालते कसे?

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबामुळे हवा तापते आणि त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. नैसर्गिक वायूतला मिथेन मात्र त्यापेक्षा बऱ्याच जास्त तापमानाला पेटतो. म्हणून वायू हवेबरोबर आत सोडतात आणि थोडे डिझेल फवारून ठिणगीचे काम करून घेतात. वायू संपला, तर इंजिन पुन्हा पूर्ण डिझेलवर चालते.

फायदा काय?

काजळी ठळकपणे घटते, नायट्रोजन ऑक्साइडही सहसा कमी होतात. तेवढ्याच ऊर्जेसाठी नैसर्गिक वायूतून डिझेलपेक्षा सुमारे २५ टक्के कमी कार्बन डायऑक्साइड निघतो. ७० टक्के ऊर्जा वायूतून मिळाली, तर एकूण बचत साधारण १७ टक्के.

मग अडचण कुठे?

न जळता निसटणाऱ्या मिथेनमध्ये. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ करतो. आत गेलेल्या वायूपैकी ३ टक्के जरी निसटला, तरी वरची १७ टक्के बचत जवळपास संपते. जनरेटर कमी भारावर चालत असेल, तर मिश्रण नीट जळत नाही. मिथेनची गळती आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही वाढतात. गरजेपेक्षा मोठा जनरेटर घेऊन तो अर्ध्या भारावर चालवणाऱ्यांनी हे आधी तपासायला हवे.

सक्ती आहे का?

नव्या जनरेटरसाठी १ जुलै २०२३ पासून देशभर कडक मानके लागू आहेत. जुन्यांसाठी दिल्ली परिसरात १ ऑक्टोबर २०२३ पासून क्षमतेनुसार दुहेरी इंधन संच किंवा धूर रोखणारे उपकरण बंधनकारक झाले. दिल्लीचा तो आदेश नागापूरला लागू नाही. इथे प्रश्न खर्चाचा आणि वायू दारात येण्याचा आहे.

वायू कुठून येईल?

एक पर्याय पाइपचा नैसर्गिक वायू. दुसरा जिल्ह्यातच आहे: साखर कारखान्यांची मळी. कोपरगावच्या सहकारमहर्षी शंकरराव कोल्हे साखर कारखान्यात ५ ऑक्टोबर २०२५ रोजी दिवसाला १२ टन क्षमतेच्या बायोगॅस प्रकल्पाचे उद्घाटन झाले. हा वायू शुद्ध केल्यावर मुख्यतः मिथेनच उरतो आणि त्याचा कार्बन उसाने हवेतूनच घेतलेला असतो. त्यामुळे हवामानाचा हिशेब बराच सुधारतो. गळती मात्र इथेही तितकीच महाग पडते.

थोडक्यात

काजळी कमी करायची असेल, तर दुहेरी इंधन उपयोगी आहे. तापमानवाढ रोखायची असेल, तर संच विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारा: आमच्या नेहमीच्या भारावर किती मिथेन निसटतो, आणि ते मोजून दाखवाल का? 'डिझेल किती वाचले' एवढेच उत्तर मिळाले, तर हिशेब अर्धाच झाला आहे.