शेतातला सेन्सर आणि रात्रीची वीज

यंत्राला नावे ठेवणे सोपे. मी ठेवणार नाही. द्राक्षबागेत मुळांजवळचा सेन्सर मातीतली ओल मोजतो, दुसरा पान किती वेळ ओले राहिले ते टिपतो. पान फार वेळ ओले राहिले की केवड्याचा धोका. तो मोबाइलवर आधी कळला तर नको त्या फवारण्या टळतात. नाशिककडच्या बागायतदारांनी ही यंत्रे उगीच घेतली नाहीत.

पण 'पाणी द्या' हा निरोप सकाळी आला आणि त्या आठवड्यात कृषिपंपाची वीज रात्रीची असली, तर? माझे वडील बॅटरी, काठी घेऊन विंचूकाट्याच्या अंधारात मोटार चालू करायला जातात. (वर्गातल्या शहरी मित्रांना हे खरे वाटत नाही!) दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली. ती आमच्या शिवारात पोहोचेपर्यंत कोणी सेन्सरला अनुदान देऊ केले, तरी मी आधी दिवसाची वीज मागेन.