फुकटातली इंटर्नशिप आणि आमच्या तालुक्यातली पोरगी

परवा रात्री भद्रावतीकडच्या एका पोरीचा फोन आला. पर्यावरणशास्त्रात एमएस्सी, फर्स्ट क्लास. मुंबईच्या एका संस्थेत पर्यावरण धोरणाच्या कामासाठी 'व्हॉलंटियर ग्रॅज्युएट इंटर्न' म्हणून निवड झालीय. सहा महिने, पूर्ण वेळ. पगार नाही, मानधन नाही, शेवटी प्रमाणपत्र. "दादा, जाऊ का?"

मला चटकन उत्तर देता आलं नाही. मी स्वतः असेच सहा महिने काढलेत. ठाण्याला मामाचं घर होतं म्हणून जमलं, नाहीतर कसलं जमतंय!

खरं सांगायचं तर त्या सहा महिन्यांत जे शिकलो ते कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. २००६ ची ईआयए अधिसूचना पहिल्यांदा तिथे नीट वाचली. जनसुनावणीआधी किमान ३० दिवसांची नोटीस हवी, ती स्थानिक भाषेतल्या पेपरात यायला हवी, अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. आणि आमच्याकडे लोकांना सुनावणी कळते ती मंडप पडल्यावर.

एकदा एका कोळसा प्रकल्पाची फाइल माझ्याकडे आली. मराठी सारांशात शब्द होता 'फरारी उत्सर्जन'. मूळ इंग्रजीत फ्युजिटिव्ह एमिशन. म्हणजे चिमणीतून न येता उघड्या ढिगावरून, ट्रकमधून, रस्त्यावरून उडणारी धूळ. ऑफिसात सगळे पोट धरून हसले. मला हसू येईना. त्याच धुळीनं आमच्याकडे कापूस काळा पडतो आणि व्यापारी भाव पाडतो. त्या टेबलाभोवती हे माहीत असलेला मी एकटाच होतो. बाकी पोरं हुशार होती, मनानं चांगली होती, पण सगळी मुंबई-पुण्याची, घरून डबा घेऊन येणारी.

माझा राग इथे आहे. फुकट काम करायला आमची पोरं भीत नाहीत. गावातला तलाव साफ करायला, पक्षी मोजायला, सुनावणीच्या आदल्या दिवशी लोकांना सारांश वाचून दाखवायला कोणी पैसे मागितलेत? पण सकाळी दहा ते संध्याकाळी सात ऑफिसात बसून अहवाल लिहायचा, त्यावर संस्थेचं नाव छापून यायचं, याला स्वयंसेवा म्हणत नाहीत. ही नोकरीच आहे. फक्त पगार पोरीच्या बापानं द्यायचा. मुंबईत नुसती पीजीतली कॉट आणि मेस धरली तरी बाप दोन एकर कापूस विकून पुरा पडणार नाही.

संस्था म्हणतात निधी नाही. लहान संस्थांचं खरंही असेल. पण राज्य सरकारच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १० हजार विद्यावेतन ठरलं. त्या योजनेवर टीका करायला जागा भरपूर आहे, तरी शिकाऊ माणसालाही पोट असतं एवढं तरी तिनं मान्य केलं. आणि पैसे नसतीलच तर पोरीला मुंबईला कशाला बोलावता? तिच्याच तालुक्यातल्या सुनावण्यांचं काम द्या, आठवड्याला दोन दिवस, घरून. चंद्रपूरच्या हवेबद्दल तिच्याइतकं तुमच्या ऑफिसात कोणाला कळतं?

२०२० ला ईआयएचा नवा मसुदा आला होता, आठवतं? लोकांना हरकतींसाठी मिळणारे ३० दिवस २० वर आणायचं त्यात होतं. आणि तो मसुदा मराठीत नव्हताच. आठव्या अनुसूचीतल्या भाषांत भाषांतर करा, हे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. जिथे असे मसुदे लिहितात आणि तपासतात, तिथे खाणीशेजारी राहणारं कोणी बसलेलं असतं तर भाषेचा प्रश्न पहिल्याच दिवशी निघाला असता.

हे सगळं मी तिला फोनवर ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, "दादा, ते खरं आहे, पण मी नाही गेले तर ती जागा दुसऱ्याला जाईल ना."

यावर काय बोलणार?

संस्थेला मेल करून निदान प्रवास आणि राहण्याचा खर्च माग, असं तिला सांगितलंय. मागायला लाजू नको म्हटलं. शुक्रवारपर्यंत तिला होकार कळवायचाय. दादर ते ठाणे पट्ट्यात कोणाच्या ओळखीत मुलींसाठी स्वस्त आणि धड जागा असेल तर इनबॉक्समध्ये सांगा.