प्रमाणपत्रानंतरची पहिली नोकरी

दहावी-बारावीचा निकाल लागला कीं घरोघर एकच विचार सुरू होतो: आतां पुढें काय? अलीकडे या प्रश्नास एक नवें उत्तर मिळूं लागलें आहे. मुलास किंवा मुलीस संगणकांच्या जाळ्याची, म्हणजे नेटवर्किंगची विद्या शिकवावी, एखादें प्रमाणपत्र मिळवून द्यावें, कीं पुण्या-मुंबईकडे चांगल्या पगाराची नोकरी ठरलेलीच, असें पुष्कळ पालकांस वाटतें. ही वाट वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. उलट होतकरू परंतु गरीब विद्यार्थ्यास ती बरीच सोईची आहे. मात्र त्या वाटेच्या आरंभीं काय असतें याविषयीं जो गैरसमज दिसतो, तो दूर व्हावा या हेतूनें आम्ही हे चार शब्द लिहीत आहों.

या क्षेत्रांतील आरंभीच्या प्रमाणपत्रांपैकीं दोन विशेष प्रसिद्ध आहेत. एक कॉम्पटियाचें नेटवर्क प्लस व दुसरें सिस्को कंपनीचें सीसीएनए. आपल्याकडे सीसीएनएचें नांव अधिक ऐकूं येतें, म्हणून त्याचेंच उदाहरण घेऊं. हें प्रमाणपत्र १९९८ सालीं सुरू झालें. पुढें त्याच्या अनेक शाखा झाल्या. फेब्रुवारी २०२० पासून त्या एकत्र करून एकच परीक्षा ठेवण्यांत आली. परीक्षेचा वेळ १२० मिनिटें असून तीस बसण्यास पदवीची अट नाहीं. शुल्क ३०० डॉलरांच्या आसपास व शिवाय कर. म्हणजे एका बैठकीसाठीं पंचवीस हजार रुपयांहून अधिक रक्कम मोजावी लागते. उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र ३ वर्षें चालतें, व त्यानंतर तें टिकवावयाचें असेल तर पुन्हा अभ्यास करावा लागतो.

ही परीक्षा सोपी नाहीं. जाळ्यांतील पत्ते व माहितीनें जावयाचे मार्ग या भागास २५ टक्के, सुरक्षिततेस १५ टक्के, अशी तिची वांटणी आहे. ज्यानें हा अभ्यास मनापासून केला, त्यास जाळें कसें चालतें हें समजतें. परंतु नोकरी देणारा मनुष्य निराळाच प्रश्न विचारतो. चालतें जाळें बंद पडलें तर हा मुलगा काय करील, हें त्यास पाहावयाचें असतें.

एक साधें उदाहरण घेऊं. कचेरींतून फोन येतो, "इंटरनेट बंद आहे." बोलणारा घाईंत आहे, थोडा रागावलेलाही आहे. नवशिक्यानें प्रथम तार नीट बसली आहे कीं नाहीं व तिच्या टोंकाशीं दिवा लागला आहे कीं नाहीं हें पाहावें. मग त्या संगणकास कोणता पत्ता मिळाला आहे तें पाहावें. तो १६९.२५४ या आंकड्यांनीं सुरू होत असेल, तर पत्ते वांटणाऱ्या यंत्राकडून त्यास उत्तरच आलेलें नाहीं, आणि त्यानें आपला पत्ता आपणच ठरवून घेतला आहे, असें समजावें. पत्ता ठीक असेल, तर जाळ्याच्या दाराशीं असलेला राउटर उत्तर देतो कीं नाहीं हें तपासावें. आंकड्यांनीं हांक मारली तर दूरचा संगणक उत्तर देतो, पण नांवानें मारली तर देत नाहीं, असें दिसलें, तर नांवावरून पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेंत, म्हणजे डीएनएसमध्यें, दोष असण्याचा संभव फार. हें सर्व पुस्तकांत आहे. परंतु समोरचा मनुष्य रागावलेला असतांना, क्रम न सोडतां, शांतपणें हें करणें पुस्तकानें येत नाहीं. काठावर बसून पोहणें शिकतां येत नाहीं, तसेंच हें आहे.

हें जेथें शिकतां येतें, ती जागा म्हणजे पहिली नोकरी. आणि ती बहुधा लहानच असते. हेल्प डेस्कवर बसून तक्रारी ऐकाव्या लागतात, इमारतींतून तारा ओढाव्या लागतात, अथवा रात्रपाळीस पडद्यांवर नजर ठेवून कोठें बिघाड झाला कीं वरिष्ठांस कळवावें लागतें. येथेंच घरांत कुरबूर सुरू होते. "एवढा पैसा ओतला, आणि मुलगा फोन उचलीत बसला!" पालकांनीं असें बोलूं नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे. त्या बोलण्यानें मुलाचें मन खचतें, आणि ज्या जागीं त्याचा हात बसणार तीच जागा तो सोडून देतो. सुतार प्रथम रंधा मारतो, कपाट मागाहून करतो; त्यांत त्यास लाज वाटत नाहीं.

या कामांत एका जुन्या शालेय गुणाचा फार उपयोग होतो, तो म्हणजे स्वच्छ लिहिणें. प्रत्येक तक्रारीची नोंद करावी लागते. तिला या धंद्यांत तिकीट म्हणतात. काय बिघडलें, केव्हां बिघडलें, काय करून पाहिलें व काय उरलें, हें त्यांत असावें लागतें. दिवसपाळीच्या मनुष्यानें लिहिलेली नोंद वाचून रात्रपाळीचा मनुष्य पुढें काम करतो. ती गोंधळाची असेल, तर सारें काम पहिल्यापासून करावें लागतें. निबंधाचा तास कंटाळवाणा मानणाऱ्या विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.

यावर कोणी म्हणेल, लहान जागीं बसलेला तेथेंच रुतून बसतो. हा आक्षेप खोटा नाहीं. विसरलेले पासवर्ड बदलून देण्यांत वर्षेंच्या वर्षें घालविणारे तरुण आहेतच. शिवाय पूर्वीं हातानें करावयाचीं कित्येक कामें आतां प्रोग्रामकडून होऊं लागलीं आहेत. २०२० पासूनच्या परीक्षेंत या विषयास १० टक्के भाग दिलेला आहे, तो उगाच नव्हे. म्हणून नोकरी लागली कीं अभ्यास संपला असें समजूं नये. सिस्कोचें पॅकेट ट्रेसर हें साधन नांव नोंदविल्यावर फुकट मिळतें. त्यावर घरच्या संगणकांतच जाळें उभारून मोडतां येतें. त्याबरोबर लिनक्स व पायथन यांचा थोडा थोडा परिचय करावा, आणि वरिष्ठांजवळ अवघड काम मागून घ्यावें. प्रमाणपत्राचीं ३ वर्षें हीच आपली मुदत मानावी, व तेवढ्यांत पुढची पायरी गांठण्याचा निश्चय करावा.

आतां एका अप्रिय गोष्टीविषयीं. परीक्षेंतील चोरलेल्या प्रश्नांचे संच बाजारांत मिळतात. त्यांस डंप म्हणतात. ते घोकून उत्तीर्ण होणारे आहेत, व तें घोकावयास सांगणारे शिक्षकही आहेत. हें उघड उघड परीक्षेच्या नियमांविरुद्ध आहे, आणि उघडकीस आल्यास प्रमाणपत्र रद्द होऊं शकतें. न आलें तरी मुलाखतींत राउटर समोर ठेवला कीं सोंग गळून पडतें. त्याहून वाईट हें कीं, रुग्णालयाचें किंवा बँकेचें जाळें अशाच्या हातीं जातें. तेथें त्याच्या अज्ञानाची किंमत दुसऱ्यास द्यावी लागते.

शेवटीं पालकांसाठीं दोन शब्द. शिकवणीवर्गांत पैसे भरण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्या. प्रत्यक्ष यंत्रांवर काम किती तास मिळेल? परीक्षेचें शुल्क आंकारणींत आहे कीं निराळें? आणि शेवटीं मिळणारें प्रमाणपत्र वर्गाचें कीं सिस्कोचें? वर्ग पुरा केल्याचा कागद निराळा व सिस्कोच्या परीक्षेचें प्रमाणपत्र निराळें; दुसऱ्याची सत्यता कंपनीच्या संकेतस्थळावर पडताळून पाहतां येते. नोकरीची हमी देणाऱ्यास ती लेखी मागावी, आणि नोकरी देण्यासाठींच पैसे मागणाऱ्याच्या दारांतून परत फिरावें. दागिने गहाण ठेवून असल्या हमीवर विसंबणें हें मुलावर प्रेम नव्हे. तें त्याच्या मानेवर ठेवलेलें ओझें होय.

आमच्या शाळेंतून बाहेर पडणारा विद्यार्थी पहिल्या महिन्यास थोडा पगार घरीं आणील, तर आईवडिलांनीं तो आनंदानें घ्यावा, आणि आज कोणता बिघाड दुरुस्त केलास, असें त्यास कौतुकानें विचारावें. त्या प्रश्नास उत्तर देतां देतां मुलगा आपली विद्या आणखी चांगली समजून घेईल.