गोरेपणाचा बाजार आणि आपली घरे

दिल्लीतील एका जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाने डिसेंबर 2024 मध्ये दिलेल्या एका निकालाची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. 2013 साली एका तरुणाने पुरुषांसाठी असलेले गोरेपणाचे क्रीम 79 रुपयांना विकत घेतले. सूचनेप्रमाणे नियमितपणे लावूनही रंग उजळला नाही, म्हणून त्याने इमामी या उत्पादक कंपनीविरुद्ध तक्रार केली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल आयोगाने कंपनीला 14 लाख 50 हजार रुपये भरण्याचा आदेश दिला.

या रकमेपेक्षा कंपनीचा बचाव आम्हांला अधिक बोलका वाटतो. क्रीमबरोबर योग्य आहार, व्यायाम आणि आरोग्यदायी सवयीही आवश्यक असतात, असे तिचे म्हणणे होते. वेष्टनावर यातले काहीच छापलेले नव्हते. आधी माणसाला त्याच्या चेहऱ्यातील उणीव दाखवायची, मग ती दूर करण्याचे आश्वासन विकायचे आणि आश्वासन फसले की दोष त्याच्याच पदरात टाकायचा, अशी ही व्यापाराची रीत आहे.

स्त्रियांच्या बाबतीत ही रीत जुनीच आहे. फेअर अँड लव्हली हे क्रीम 1975 मध्ये बाजारात आले आणि सावळ्या मुलीला नोकरी नाही, स्थळ नाही, ही कथा त्याच्या जाहिरातींनी पुढची कित्येक वर्षे घरोघरी पोहोचवली. इमामीने 2005 मध्ये पुरुषांसाठी फेअर अँड हँडसम आणले. बहिणीचे किंवा मैत्रिणीचे क्रीम चोरून लावणाऱ्या तरुणाची थट्टा त्याच्या जाहिरातीत असे. म्हणजे पुरुषाची लाज दुहेरी झाली: एक सावळेपणाची आणि दुसरी, त्याचे दुःख होते हे कबूल करण्याची. मुलगी निदान आईजवळ रडू शकते. केस विरळ झालेला, उंचीने कमी असलेला किंवा सावळा मुलगा विनोद करून वेळ मारून नेतो आणि आपण त्या विनोदावर हसतो.

2020 मध्ये वर्णभेदाविरुद्ध जगभर आवाज उठला, तेव्हा फेअर अँड लव्हलीचे नाव ग्लो अँड लव्हली झाले. पुरुषांच्या क्रीमलाही त्याच धर्तीवर नवे नाव मिळाले आणि त्या नावाच्या मालकीवरून दोन कंपन्या न्यायालयात गेल्या! त्याच वर्षी शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. पाटी बदलली, गिऱ्हाईक मात्र तेच राहिले.

हे गिऱ्हाईक आपल्याच घरांत तयार होते. बाळाच्या बारशाला आलेली मंडळी आधी रंग पाहतात. 'नाकीडोळी नीटस आहे, रंग जरा दबलेला आहे' हे वाक्य मायेने उच्चारले जाते, म्हणूनच ते खोल रुतते. उन्हातान्हात वाडीत राबून ज्यांनी आपल्याला वाढवले, त्यांच्याच नाती उन्हात जाऊ नये म्हणून दटावल्या जातात. स्थळाच्या माहितीपत्रकात 'गव्हाळ' हा शब्द किती रंगांवर पांघरूण घालतो, हे सर्वांना ठाऊक आहे. लग्नाच्या अल्बममध्ये वधूवरांचे चेहरे छायाचित्रकाराने न विचारताच पांढरे केलेले असतात आणि त्याबद्दल कुणी तक्रारही करीत नाही.

मनाच्या या जखमेचे मोल कधीकधी शरीरालाही द्यावे लागते. केरळमधील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी 2021 ते 2023 या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे 22 रुग्ण तपासले, त्यांपैकी 13 जणांनी गोरेपणाची क्रीमे वापरल्याचे सांगितले. अशा काही क्रीमांत असलेला पारा त्वचेवाटे रक्तात उतरतो. स्टेरॉइडयुक्त मलमांचाही असाच गैरवापर होतो. त्यांनी सुरुवातीला चेहरा उजळल्यासारखा वाटतो, पुढे त्वचा पातळ होते, लाली आणि पुरळ येतात. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली. तरीही सौंदर्यप्रसाधनगृहातून मिळालेल्या, नाव नसलेल्या डबीबद्दल आपण क्वचितच चौकशी करतो.

इशायाच्या घरी आलेला शमुवेल संदेष्टा थोरल्या अलीयाबाची उंची आणि रूप पाहून क्षणभर भुलला होता आणि देवाने त्याला थांबवले, हा प्रसंग आपण उपासनेत अनेकदा ऐकतो. त्याच अध्यायात दाविदाच्या देखणेपणाचाही उल्लेख आहे, हे मात्र आपल्या ध्यानात राहत नाही. पवित्र शास्त्राला रूपाचे वावडे नाही. तेथे निवडीचे माप तेवढे वेगळे आहे. म्हणूनच नटण्यामुरडण्यावर टीका करणारी प्रवचने आम्हांला अपुरी वाटतात. आरशापुढे अधिक वेळ उभी राहणारी मुलगी गर्विष्ठ असते असे नाही, पुष्कळदा ती भेदरलेली असते. व्यायामशाळेत कुणी सुचवलेली इंजेक्शने घेणाऱ्या तरुणाचेही तसेच.

विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरांत पैसा, सासर आणि संततिनियमन यांवर सत्रे होतात. रूपाविषयीच्या धास्तीवर एखादा तास ठेवून, त्यात मुलांनाही बोलते करता येईल. आणि वधूवर सूचक मंडळांच्या अर्जांत जेथे 'वर्ण' हा रकाना अजून असेल, तेथे तो पुढच्या छपाईत गाळण्यास कुणाच्याही परवानगीची आवश्यकता नाही.