ग्यारंटीवाले

गेल्या शनिवारी सकाळी चहाचा पहिला घोट घेतोय तोच पुसदहून मामेभावाचा फोन. "दादा, बाबाचं काही खरं नाही आता. एक व्यसनमुक्ती केंद्र सापडलं. रात्री गाडी येते, चार पोरं येतेत अन् उचलून नेतेत. तीन महिने भेटाचं नाही, फोन नाही. ग्यारंटी आहे म्हणे. तू फक्त पैशाचं पाह्य."

पैशाचं पाहायला मी तयारच होतो. (पुण्यातल्या आयटीवाल्याला गावाकडे एवढंच काम उरलेलं असतं.) पण 'ग्यारंटी' ह्या शब्दाला अडखळलो. अहो, आम्ही साध्या सॉफ्टवेअरची ग्यारंटी देत नाही, आणि हे माणसाची देताहेत!

भावाला म्हटलं, त्यांना फोन कर आणि एकच विचार, रात्री दोन वाजता फिट आली तर डॉक्टर कोण येणार? दहा मिनिटांनी उत्तर आलं: "ते म्हणतेत, आमच्याकडे फिट येतच नाही कोणाला."

इथे माझी सटकली. कारण हे साफ खोटं आहे. मंडळी, आपल्या सगळ्यांच्या डोक्यात सिनेमातला सीन पक्का बसलाय... खोलीत कोंडा, चार दिवस तडफडेल, मग बरा होईल. गर्दचं व्यसन असलेल्याचे हाल भयंकर होतात, पण तडफडून सहसा जीव जात नाही. रोज सकाळपासून देशी लागणाऱ्याचा मात्र जाऊ शकतो. दारू अचानक तोडली की काही तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भास, ताप, भ्रम. ह्याला औषध आहे. क्लोरडायझेपॉक्साइडसारख्या गोळ्या देऊन डोस हळूहळू उतरवतात, सोबत थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. थायमिन न देता नुसती ग्लुकोजची बाटली लावली तर मेंदूला इजा होऊन स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. आणि आपल्याकडे कुणी आजारी पडलं की पहिलं वाक्य काय? "एक सलाईन लावा ना डॉक्टर."

ग्यारंटीवाल्यांचे एक चुलतभाऊही आहेत: "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा." भिंतीवर, बसच्या पाठीवर, हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर. पुडीत काय असतं देव जाणे. डायसल्फिरम असेल तर ते खरंच औषध आहे, पण रुग्णाला सांगून, डॉक्टरच्या नजरेखाली द्यायचं. भाजीत कालवून दिलं आणि वर तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून माणूस जाऊ शकतो. बायकोने काळजीपोटी केलेली भाजी... कल्पना करा.

बरं, कायदा? 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूमुळे होणारे मानसिक आजार धरलेले आहेत. अशा आस्थापनेला नोंदणी लागते, साखळीने बांधायला बंदी आहे. डॉक्टरने तपासलंच नाही आणि पोराच्या सहीवर बापाला उचललं, हे त्यात कुठेच बसत नाही. पण चार पोरं पाठवणाऱ्याला आपण नोंदणी विचारत नाही. फ्रिज घेताना वॉरंटी कार्डावर शिक्का आहे का बघतो!

आता कोणी म्हणेल, पुण्यात बसून बोलायला काय जातंय. बरोबर आहे. इथे मुक्तांगण आहे. 1986 साली अनिल आणि सुनंदा अवचटांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने सुरू केलेलं. शेजारच्या वर्ध्यात निदान कागदावर तरी दारूबंदी आहे, गडचिरोलीत 1993पासून बंदी आणि सोबत 'मुक्तिपथ'चं काम. यवतमाळात बंदीसाठी बायका मोर्चे काढून थकल्या. म्हणून पुसदच्या माणसाला गाडीवालाच जवळचा वाटतो, हे मला कळतं. तरी यवतमाळला सरकारी मेडिकल कॉलेज आहे. 14446 ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, 14416 ही टेलिमानस. फोन फुकट आहे राव!

पण खरा राग मला आपल्या घराचा आलाय. भावाला विचारलं, मामाला सांगितलंस का? म्हणे, "त्याले काय विचाराचं, बेवड्याले?" आईही तेच म्हणाली, अद्दल घडू दे जरा. म्हणजे आपल्याला उपचार नकोच आहेत, शिक्षा हवी आहे, आणि ती दुसऱ्याच्या हातून. गाडीवाला नेमकं तेच विकतो. पहिले आठ-दहा दिवस शरीरातली दारू उतरवण्याचे, खरं काम त्यानंतर वर्षभर चालतं, ते त्याच्या पॅकेजमध्ये नसतं. ते घरच्यांनाच करावं लागतं. शिवाय माणूस पुन्हा घसरतो. एकदा नाही, अनेकदा. तेव्हा ग्यारंटीवाला फोन उचलणार आहे का?

असो. भावाला दोन गोष्टी सांगितल्या. गाडीवाल्याला अ‍ॅडव्हान्स देऊ नकोस. आणि डॉक्टरकडे नेईपर्यंत रागाच्या भरात घरातली बाटली फोडू नकोस, एकदम तोडू नकोस. दुसरी ऐकून तो भडकलाच. "दादा, तू मले दारू पाजाले सांगून राह्यला का?" आणि फोन ठेवला.

आज रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघतोय. सोमवारची सुट्टी टाकली आहे. आधी मामाशी बोलतो.